‘झालेच नाही’ आणि ‘संपले’ : सामोपचाराने विभक्त होताना विवाहशून्यता की घटस्फोट?

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाची चर्चा बहुधा जरठ-बाला विवाहाच्या अंगाने होते. त्या नाटकाच्या शेवटाकडे कायद्याच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र वेगळ्या कारणाने जाते. भुजंगनाथाशी लागत असलेले शारदेचे लग्न मोडते ते वधूवरांचे गोत्र एकच असल्याचे उघड झाल्यामुळे. वराचे वय, बापाने मांडलेला पैशाचा सौदा, मुलीचे अश्रू यांपैकी एकही कारण ते लग्न थांबविण्यास पुरे पडत नाही. गोत्र तेवढे पुरे पडते. त्यानंतर जो पेच उभा राहतो तो अधिक अवघड आहे. अर्ध्यावर मोडलेल्या लग्नातली ही मुलगी विवाहित की अविवाहित? कोदंडाशी तिचे लग्न व्हावे यासाठी शंकराचार्यांच्या संमतीची मदत घ्यावी लागते. आजच्या परिभाषेत बोलायचे तर देवलांनी शारदेला घटस्फोट दिलेला नाही. मुळात विवाहच पुरा झाला नाही, असा निर्णय त्यांनी मिळवून दिला आहे. ज्या समाजात विवाहाला शेवट नव्हता, त्या समाजात मुलीची सुटका करण्याचा एकच सभ्य मार्ग होता : विवाहाला आरंभच नव्हता असे ठरविणे.

सव्वाशे वर्षांनंतर हिंदू विवाहाला कायद्याने शेवट मिळालेला आहे. इतकेच नव्हे तर भांडण न करता, दोघांच्या संमतीने तो शेवट घेता येतो. तरीही देवलांच्या त्या तोडग्याची ओढ संपलेली नाही. ‘भांडायचे नाही, पण घटस्फोटही नको, लग्न रद्द करून घेता येईल का?’ हा प्रश्न सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून, विशेषतः अल्पकाळ टिकलेल्या विवाहांच्या संदर्भात, वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नामागील गृहीतकांची चिकित्सा करावयाची आहे. विवाहशून्यतेचा हुकूमनामा हा घटस्फोटापेक्षा अधिक स्वच्छ, अधिक प्रतिष्ठित, म्हणून सामोपचाराला अधिक साजेसा मार्ग आहे, हे ते गृहीतक. प्रस्तुत लेखकाच्या मते वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. विवेचन मुख्यतः हिंदू विवाह अधिनियम, १९५५ पुरते मर्यादित असून इतर कायद्यांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे. गोव्यातील नागरी कायद्याची परंपरा स्वतंत्र असल्याने ती येथे विचारात घेतलेली नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. विवाह संपविण्यासाठी मराठीत जे जुने शब्द आहेत, ते काडीमोड, फारकत आणि सोडचिठ्ठी. तिन्ही शब्द विवाह झाला होता हे मान्य करूनच पुढे जातात. मोडायला काडी असावी लागते, फारकत घ्यायला आधी एकत्र असावे लागते. ज्या जातिसमूहांत काडीमोडीची रूढी होती, तेथे नंतर पाट लावण्याचीही सोय होती. मोडलेल्या लग्नाचा इतिहास पुसून टाकण्याची गरज कोणास भासत नव्हती. ‘लग्न झालेच नव्हते’ असे जाहीर करणाऱ्या हुकूमनाम्यासाठी मात्र बोलीत रुळलेला शब्द नाही. ‘शून्य’ आणि ‘शून्यनीय’ हे शब्द विधी अनुवादकांनी घडविले. कोर्टाच्या आवारात वकील ‘नलिटी’ म्हणतात आणि पक्षकारही तेच म्हणू लागतात. ही कल्पना आपल्या परंपरेस सर्वस्वी अपरिचित होती असे म्हणता येणार नाही, कारण वराच्या शारीरिक असमर्थतेचा आणि अशा प्रसंगी स्त्रीने दुसरा पती करण्याचा विचार नारदस्मृतीत आढळतो. परंतु १९५५ च्या अधिनियमात ती ज्या स्वरूपात आली, ते स्वरूप इंग्रजी कायद्यामार्गे ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायातून आलेले आहे. जेथे विवाह अविच्छेद्य संस्कार मानला गेला आणि घटस्फोट निषिद्ध ठरला, तेथे विवाहातून बाहेर पडण्याची एकच वाट उरली : संस्कारच सदोष होता असे सिद्ध करणे. विवाहशून्यता ही घटस्फोटबंदीच्या पोटी वाढलेली संस्था आहे. घटस्फोट उपलब्ध झाल्यानंतर तिचे क्षेत्र आपोआप आकसावयास हवे होते. ते कायद्यात आकसले, लोकांच्या मनात नाही.

अधिनियमाची रचना येथे थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. कलम ११ नुसार तीनच प्रकारचे विवाह मुळातून शून्य ठरतात : विवाहाच्या वेळी एका पक्षाचा जोडीदार हयात असणे, वधूवर निषिद्ध नात्यात असणे आणि ते सपिंड असणे, शेवटच्या दोहोंना रूढीचा अपवाद आहे. शारदेच्या लग्नाला आड आलेले सगोत्रत्व या यादीत नाही, हे जाता जाता नोंदवावे. कलम १२ नुसार विवाह शून्यनीय असतो, म्हणजे कोणी मागणी करून हुकूमनामा मिळवीपर्यंत तो वैधच राहतो. त्याची कारणे चार : जाबदाराच्या असमर्थतेमुळे शरीरसंबंध न घडणे; विवाहसमयी मानसिक क्षमतेची अट पूर्ण नसणे; संमती बळजबरीने किंवा विधीच्या स्वरूपाविषयी वा जाबदारासंबंधीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी फसवणूक करून मिळविलेली असणे; आणि विवाहसमयी वधू अन्य पुरुषापासून गर्भवती असणे. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि ती कळल्यानंतर स्वेच्छेने एकत्र राहिल्यास तो हक्क जातो. या चारही कारणांत एक समान सूत्र आहे. प्रत्येकात कोणाच्या तरी देहात, मनात किंवा वर्तनात उणीव दाखवावी लागते. ‘आमचे जमले नाही’ हे कारण कलम १२ मध्ये नाही. लग्न किती दिवस टिकले यालाही तेथे महत्त्व नाही. ‘पंधरा दिवसच एकत्र होतो, म्हणजे ते रद्दच होईल’ ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे.

याउलट १९७६ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३-ब. दोघांनी मिळून अर्ज करावयाचा. एक वर्ष किंवा अधिक काळ विभक्त राहत असल्याचे, एकत्र राहणे शक्य न झाल्याचे आणि विवाह संपविण्यावर एकमत झाल्याचे सांगावयाचे. त्यानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा येऊन तीच इच्छा व्यक्त करावयाची. कारण सांगण्याची सक्ती नाही. न्यायालय संमती खरी आहे का एवढे तपासते; कोण चुकले हे विचारत नाही. एका छपराखाली राहूनही पतिपत्नी म्हणून न राहणे हे विभक्त राहणेच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. त्याच निवाड्यात, हुकूमनामा होईपर्यंत संमती टिकून राहिली पाहिजे आणि तोवर कोणाही एकास ती मागे घेता येते, असेही ठरले. (निवाड्यांचा निर्देश येथे वर्षाने केला आहे, पक्षकारांच्या नावांनी नाही. दोन सामान्य माणसांच्या मोडलेल्या संसाराचे नाव पुढे अर्धशतक विधी महाविद्यालयांच्या प्रश्नपत्रिकांतून फिरत राहावे, या प्रथेविषयी कधीतरी स्वतंत्रपणे लिहावयास हवे.)

या दोन कलमांतील खरा विरोध मात्र ज्या तरतुदीत आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कलम २० नुसार, कलम ११ खालील अर्ज वगळता, प्रत्येक अर्जात ‘अर्जदार व दुसरा पक्ष यांच्यात संगनमत नाही’ असे निवेदन करावे लागते आणि अर्ज सत्यापित करावा लागतो. कलम २३ नुसार संगनमत नाही अशी खात्री झाल्यावरच न्यायालयाने हुकूमनामा द्यावयाचा असतो. परस्परसंमतीच्या अर्जातही ही कलमे लागू आहेत, पण तेथे एकमत हाच अर्जाचा पाया असल्याने न्यायालयाचा शोध संमती दबावाखाली तर नाही ना, याकडे वळतो. म्हणजे जे एकमत कलम १३-ब मध्ये गुण ठरते, तेच कलम १२ मध्ये संशयाचे कारण बनते. संमती आणि संगनमत हे मराठीत कानाला जवळचे शब्द आहेत. कायद्याने त्यांच्यामध्ये भिंत उभी केली आहे. सामोपचाराने विवाह रद्द करून घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्याला आपला सामोपचार न्यायालयापासून लपविण्याचा मोह व्हावा, अशीच ही मांडणी आहे. एकाने आरोप करावयाचा, दुसऱ्याने तो निमूटपणे कबूल करावयाचा, आणि बाहेर चहा घेताना दोघांनी एकमेकांना समजून घ्यावयाचे, असे हे नाटक. आरोप खरा असेल तर त्यास संगनमत म्हणता येत नाही, कारण खऱ्या गोष्टीवर दोघांचे एकमत असणे म्हणजे न्यायालयाची फसवणूक नव्हे. पण आरोप सोयीसाठी रचलेला असेल, तर सामोपचाराची किंमत शपथेवरच्या असत्याने चुकविली जाते.

हा प्रश्न तात्त्विक राहू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या एका निर्णयाकडे थोडे सविस्तर पाहणे योग्य होईल. मार्च २०२३ मध्ये विवाह झालेले हे तरुण जोडपे सतरा दिवसांत विभक्त झाले. शरीरसंबंध घडला नव्हता. पतीने आरंभी त्याचा दोष पत्नीकडे दिला होता. पुढे, अन्यथा आपण सक्षम आहोत, मात्र या पत्नीच्या बाबतीत तसे घडू शकले नाही, अशी सापेक्ष असमर्थतेची कबुली त्याने दिली. आपल्यावर सरसकट नपुंसकत्वाचा शिक्का बसू नये, ही त्याची स्वाभाविक इच्छा होती. या कबुलीच्या आधारे पुराव्याच्या लांब सुनावणीविना विवाह रद्द व्हावा असा अर्ज आला, तेव्हा कौटुंबिक न्यायालयाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. कारण दिले, दोघांचे संगनमत दिसते. उच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला. सापेक्ष असमर्थता ही ज्ञात गोष्ट आहे, तिला शारीरिक व मानसिक अशी विविध कारणे असू शकतात, पतीने आरंभी कबुली देण्यास कचरणे समजण्याजोगे आहे, आणि मनाने, भावनेने वा देहाने एकमेकांशी जुळू न शकलेल्या या तरुण जोडप्यास मदत करणे उचित आहे, अशा आशयाची भूमिका घेऊन खंडपीठाने विवाह रद्द ठरविला.

निर्णय सहृदय आहे, यात शंका नाही. सतरा दिवसांच्या सहवासासाठी दोन माणसांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावणे हे न्यायाचे कोणतेही रूप नव्हे. तरीही समीक्षकाने दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली अशी की, खंडपीठाची सहानुभूती ज्या वस्तुस्थितीकडे वळली, ती म्हणजे दोघे मनाने जुळू शकले नाहीत. पण ही वस्तुस्थिती कलम १२ मधील कारण नाही. कारण आहे असमर्थता. कायद्याने दिलेले दार अरुंद होते, म्हणून एका जोडप्याच्या परस्पर विसंवादाला एका पुरुषाच्या देहाची उणीव असे नाव देऊन त्या दारातून आत आणावे लागले. १९७६ च्या दुरुस्तीने या खंडाची शब्दरचना ‘जाबदार विवाहसमयी असमर्थ होता’ येथून ‘जाबदाराच्या असमर्थतेमुळे संबंध घडला नाही’ अशी बदलली, म्हणजे रोख देहावरून नात्यात काय घडले याकडे थोडा सरकविला. सापेक्ष असमर्थतेला या शब्दरचनेत अधिक सहजपणे जागा मिळते. परंतु ‘असमर्थता’ हा शब्द राहिलाच. दुसरी गोष्ट कौटुंबिक न्यायालयाच्या बाजूची. त्याचा आदेश कठोर वाटतो, पण तो अडाणी नाही. कलम २३ ने सोपविलेले काम त्याने केले. पती आरंभी एक सांगतो, पुढे दुसरे सांगतो, आणि हे दुसरे सांगणे पत्नीच्या मागणीशी नेमके जुळते, तेव्हा शंका येणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्यच होते. दोन न्यायालयांपैकी एक चूक आणि एक बरोबर, असे येथे म्हणता येत नाही. एकमताला गुन्ह्यासारखे वागविणारी तरतूद आणि एकमताने आलेली माणसे यांची ती टक्कर होती.

मग त्या दोघांनी घटस्फोटच का मागितला नाही? कालगणना पाहिली तर उत्तर मिळते. विभक्त होऊन एक वर्ष झाल्याशिवाय कलम १३-ब चा अर्ज दाखल होत नाही. २०२३ च्या वसंतात विभक्त झालेल्या जोडप्याला तो पहिला अर्ज २०२४ च्या वसंतात करता आला असता, आणि त्यानंतर सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ. तो काळ माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले, पण तेथेही पहिल्या अर्जापूर्वीच विभक्ततेचे वर्ष आणि ते सहा महिने असा एकूण दीड वर्षाचा काळ लोटलेला असावा, मध्यस्थीचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी व अपत्यांविषयीचे प्रश्न खऱ्या अर्थाने मिटलेले असावेत, असे निकष घातले. कलम १४ मधील विवाहानंतरच्या पहिल्या वर्षातील बंदीला असाधारण हालअपेष्टांचा अपवाद आहे. तोही सिद्ध करावा लागतो. विवाह रद्द करण्याच्या अर्जाला मात्र यांपैकी कोणताही प्रतीक्षाकाळ नाही. म्हणजे कायदा एका हाताने सांगतो की आरोप न करता आलात तर थांबा, आणि दुसऱ्या हाताने सांगतो की आरोप करून आलात तर आजच या.

घाईइतकेच प्रबळ दुसरे कारण आहे, आणि ते कायद्यात नसून विवाहविषयक जाहिरातींत आहे. मराठी वृत्तपत्रांतील वधूवरसूचक स्तंभ ज्याने काही वर्षे चाळले आहेत, त्याला ‘प्रथमवधू’, ‘विनाअपत्य घटस्फोटित’, ‘अल्पकालीन घटस्फोटित’, ‘नाममात्र घटस्फोटित’ ही श्रेणी परिचित आहे. इंग्रजी जाहिरातींत ‘इनोसंट डिव्होर्सी’ असा एक विलक्षण शब्दप्रयोग असतो; त्यावरून उरलेले घटस्फोटित कसले तरी अपराधी असावेत असा समज होतो. या शब्दांचा रोख बहुतांशी स्त्रीच्या देहाकडे आहे, हे उघड आहे. ‘नाममात्र’ म्हणजे काय, हे कोणी स्पष्ट लिहीत नाही आणि कोणास विचारावेही लागत नाही. विवाहशून्यतेच्या हुकूमनाम्याला या बाजारात जे मोल आहे ते येथून येते : ‘घटस्फोटित’ या रकान्याऐवजी ‘अविवाहित’ या रकान्यात नाव राहते. मुलीच्या वडिलांनी हे मोल ओळखून आग्रह धरला तर त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तथापि ते मोल प्रत्यक्षात किती मिळते? लग्न लागले होते हे गावाला ठाऊक असते, छायाचित्रे असतात, नोंदणीचे प्रमाणपत्र असते. पुढील स्थळाला हुकूमनामा दाखविला की त्याचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कारणाने रद्द झाला?’ हाच असतो, आणि त्या कागदात कारण लिहिलेलेच असते. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यात मात्र कारण नसते. ज्या कलंकापासून पळून कलम १२ कडे जावे, त्याहून अधिक खाजगी मजकूर तेथे लेखी स्वरूपात आपली वाट पाहत असतो. कलम २२ नुसार सुनावणी बंद दालनात होते, त्यामुळे जगाला तो मजकूर वाचता येत नाही. नवे सासर जग नसते, ते तो मागून घेते.

आर्थिक बाजू अधिक गंभीर आहे आणि तेथे भार एकाच बाजूला पडतो. घटस्फोटित स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली) ‘पत्नी’ या संज्ञेत स्थान आहे. जिचा विवाह शून्य आहे ती मात्र या संज्ञेत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ठरविले. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खाली कायम पोटगी ‘कोणताही हुकूमनामा’ देताना मागता येते. शून्यतेचा हुकूमनामा त्यात येतो की नाही यावर अनेक दशके मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००४ मध्ये अशा स्त्रीला ती नाकारताना तिच्यासाठी जे शब्द वापरले, ते न्यायदानाच्या भाषेला भूषणावह नव्हते. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटविला : विवाह शून्य ठरला तरी कायम पोटगी देता येते, मात्र ती न्यायालयाच्या विवेकाधीन आहे, आणि त्या जुन्या निवाड्यातील ‘अनौरस पत्नी’ अशा आशयाच्या संबोधनांवर कठोर ताशेरे ओढले. अपत्यांच्या बाबतीत कलम १६ ने औरसपण दिलेले आहे, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने आईवडिलांच्या वाट्यास एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून जे आले असते त्यातही त्यांचा हक्क मान्य केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही घटस्फोटात जो हक्क सरळ मिळतो, तो शून्यतेत विवेकाधिकाराच्या दयेवर आणि अलीकडच्या निवाड्यांच्या आधारावर उभा राहतो. मैत्रीपूर्ण वातावरणात सही करताना ‘मला काही नको’ असे म्हणणारी नोकरदार तरुणी हा फरक लक्षात घेत नाही. तिच्याऐवजी पस्तिशीतील, नोकरी सोडलेली स्त्री असेल तर तिला तो घेऊ दिला पाहिजे.

येथवरचे विवेचन वाचून शून्यतेचा मार्ग सर्वस्वी निरर्थक आहे असा समज होऊ नये. काही ठिकाणी तोच खरा असतो आणि निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात शंभर-पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर लिहिलेली फारकत आजही दिसते. अधिनियमाच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा काडीमोड जपला आहे, पण ती रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावे लागते. तसे नसेल तर तो मुद्रांक म्हणजे केवळ कागद. अशा कागदावर अत्यंत सलोख्याने विभक्त झालेला पुरुष पुन्हा लग्न करतो तेव्हा ते दुसरे लग्न कलम ११ खाली शून्य असते. पहिल्या विवाहातील सामोपचाराने दुसऱ्या स्त्रीचा विवाह मुळातून पोकळ केलेला असतो, आणि तिला त्याची खबर कित्येकदा पतीच्या निधनानंतर निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात लागते. पोटगी व वारसा नाकारलेल्या ‘दुसऱ्या बायकां’ची जी प्रकरणे न्यायालयात येतात, त्यांपैकी काहींचा उगम या सलोख्याच्या कागदात आहे. तेथे दुसऱ्या विवाहापुरता घटस्फोट मागता येत नाही. जे नव्हतेच ते संपविता येत नाही. त्याचप्रमाणे, आधीचा विवाह किंवा विवाहाच्या निर्णयाशी थेट संबंध असलेली अन्य एखादी मूलभूत गोष्ट लपवून विवाह केला गेला असेल, तर फसवल्या गेलेल्या व्यक्तीला ‘संमतीने विभक्त व्हा’ असे सांगणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल. तिची संमती मुळात नव्हती, हे तिला सांगू दिले पाहिजे. परंतु ही सर्व उदाहरणे सामोपचाराची नव्हेत. शून्यता तेथे सत्य आहे म्हणून योग्य आहे, सौम्य आहे म्हणून नव्हे.

अन्य कायद्यांशी तुलना केली तर हाच मुद्दा वेगळ्या बाजूने दिसतो. विशेष विवाह अधिनियमात परस्परसंमतीचा घटस्फोट १९५४ पासूनच होता. त्याच कायद्यात शरीरसंबंधास हेतुपुरस्सर नकार हे विवाह शून्यनीय ठरण्याचे स्वतंत्र कारणही आहे, जे हिंदू विवाह अधिनियमात नाही. त्यामुळे नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्यास कोणाच्या देहावर आरोप न करता हे दार उघडता येते, सप्तपदी चाललेल्यास येत नाही. या भेदाचे समर्थनीय कारण दिसत नाही. मुस्लिम कायद्यात ‘मुबारात’ हा उभयपक्षी संमतीचा मार्ग जुना आहे. ख्रिस्ती विवाहांसाठी संमतीचा घटस्फोट २००१ च्या दुरुस्तीने आला. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक समाजात चर्चच्या न्यायाधिकरणाकडून विवाह शून्य ठरविला जाणे हे पुन्हा चर्चमध्ये विवाह करण्यासाठी आवश्यक असते, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती प्रक्रिया सुटसुटीत केली. परंतु अशा निर्णयाने भारतीय घटस्फोट कायद्याखालील विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. तेथे दोन्ही मार्ग एकाच माणसाला चालावे लागतात : एक श्रद्धेसाठी, दुसरा राज्यासाठी. ज्या इंग्लंडकडून आपण शून्यनीय विवाहाची कल्पना घेतली, त्या देशाने १९७१ मध्येच ठरविले की असा विवाह रद्द झाला तरी हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत तो अस्तित्वात होता असे मानावे. आणि एप्रिल २०२२ पासून तेथे दोघांना मिळून, कोणताही दोष न दाखविता, घटस्फोटाचा अर्ज करता येतो. उगमस्थानी नदीने पात्र बदलले, आपण जुन्याच पात्रात घागर बुडवीत आहोत.

भारतातही विचार झालेला नाही असे नाही. विवाह पूर्णतः विस्कटला असणे हे घटस्फोटाचे कारण मानावे अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्ये आपल्या ७१ व्या अहवालात केली, २००९ मध्ये २१७ व्या अहवालात पुन्हा केली. २०१३ मध्ये राज्यसभेने त्या दिशेचे विधेयक संमत केले आणि पुढील वर्षी लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आपण असा विवाह संपवू शकतो असे जाहीर केले. पण तो अधिकार त्या एकाच न्यायालयाचा आहे, लातूर वा अकोल्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा नाही. प्रस्तुत लेखकास अधिक निकडीची वाटते ती याहून लहान दुरुस्ती. सहजीवन सुरूच न झालेल्या, निरपत्य आणि आर्थिक वाद नसलेल्या जोडप्यांना कलम १३-ब मधील एक वर्षाची अट विवेकाधिकाराने माफ करण्याची स्पष्ट तरतूद झाली, तर सतरा दिवसांच्या विवाहासाठी कोणाच्या असमर्थतेची कबुली मागण्याची वेळ येणार नाही. सहृदय न्यायालयाला कायद्याच्या शब्दांना वळण द्यावे लागणार नाही आणि सावध न्यायालयाला कठोर दिसावे लागणार नाही.

सामोपचाराने विभक्त होण्याचा महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत गाजलेला प्रसंग या दोन्ही मार्गांच्या अभावी घडला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते आणि सहजीवन कधीच सुरू झाले नव्हते. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये तिला नांदावयास पाठविण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. १८८८ च्या जुलैमध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हुकूमनामा न बजावण्याची तडजोड केली. भांडण मिटले, विवाह रद्दही झाला नाही आणि संपलाही नाही, कारण त्या काळच्या हिंदू कायद्यात तिच्यासाठी दोन्हींची सोय नव्हती. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेच्या रुग्णालयात काम करू लागल्या. १९०४ मध्ये दादाजी वारल्याचे कळल्यावर, ज्याच्याशी त्यांनी एक दिवसही संसार केला नव्हता त्या माणसासाठी, त्यांनी विधवेचा पांढरा वेष धारण केला.